शिलेदार आणि बारगीर

नृसिंहवाडीच्या संगमाजवळ, पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड आहे. तेथील घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवितात. त्या काळी मराठ्यांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत.

‘शिलेदार’ या शब्दाचा शिळेशी काही संबंध नाही. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ते बाळगणारा तो शिलेदार. घोडा व हत्यारे तो स्वतःची आणी. बारगिरास ती सरकारातून मिळत. युरोपातील ‘नाइट’ही आपल्याच घोड्यावर चिलखत घालून धन्याच्या चाकरीस येई, मात्र ‘नाइट’ ही समारंभाने बहाल होणारी पदवी, तर शिलेदारी ही चाकरीची रीत.

मान शिलेदाराचा मोठा खरा. पण रणात घोडा पडला की त्याची उपजीविकाच बुडे. असा मनुष्य घोडा राखून लढला तर नवल काय? बारगिरास पागेतून दुसरा घोडा मिळे. म्हणूनच शिवाजी महाराजांनी सरकारी पागेवर अधिक भर दिला. तेथे २५ बारगिरांवर एक हवालदार असे.

आज शूर सहकाऱ्यास आपण ‘शिलेदार’ म्हणतो. ‘बारगीर’ आपल्याकडे बहुधा आडनावातच उरला आहे. बंगालात मात्र १७४२ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे स्वार शिरले, तेव्हापासून ‘बर्गी’ हा शब्द तेथील अंगाईगीतात जाऊन बसला आहे.