बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत : /डेव्ह आणि /यूएसआर यांचा वाद

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रत्येक हॉस्टेलमध्ये काहीतरी बिघडतंच. आमच्या रूमवर बिघडला तो लिनक्स. प्रोजेक्टसाठी आम्ही कर्नल स्वतः कंपाइल केला होता आणि त्याचा अभिमानही होता. रात्री अकरा वाजता बॅकअप घ्यावा म्हणून एक जुनी हार्ड डिस्क जोडली, मशीन चालू केलं आणि स्क्रीनवर आलं, 'कर्नल पॅनिक'. रूट फाइल सिस्टीम माउंट करता येत नाही! रिपोर्ट आत, कोड आत आणि आम्ही बाहेर.

घाबरून नवी डिस्क काढली, तर मशीन निमूटपणे सुरू झालं. सबमिशन पार पडलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. डिस्क जोडल्याने आधीची डिस्क हरवते कशी? त्याचं उत्तर शोधताना ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकात एका ओळीत संपणारं 'बूटिंग' हे प्रकरण किती वादांतून घडलंय ते कळलं. तेच इथे सोपं करून सांगतो.

नाव आणि नंबर

युनिक्समध्ये डिव्हाइस म्हणजे /डेव्ह या डिरेक्टरीतली एक फाइल. पण ती नेहमीची फाइल नव्हे. तिच्यात डेटा नसतो, असतात फक्त दोन आकडे : मेजर आणि मायनर. मेजर सांगतो कोणता ड्रायव्हर, मायनर सांगतो त्यातलं कितवं डिव्हाइस. '/डेव्ह/एसडीए२' म्हणजे ८ आणि २. '/डेव्ह/एसडीबी' म्हणजे ८ आणि १६. कर्नलला नावाशी देणंघेणं नाही, तो आकडे बघतो.

आमची चूक इथेच होती. कर्नलला आम्ही सांगून ठेवलं होतं की रूट 'एसडीए२' वर आहे. पण 'एसडीए' हे काही डिस्कचं जन्मनाव नाही. ज्या क्रमाने डिस्क सापडते त्या क्रमाने ए, बी, सी अशी अक्षरं वाटली जातात. मेसच्या रांगेतला नंबरच म्हणा ना! जुनी डिस्क आधी सापडली, ती 'ए' झाली आणि आमची बिचारी 'बी'.

पहिला वाद : /डेव्ह कोणी भरायचं?

सुरुवातीच्या लिनक्समध्ये /डेव्ह ही साधी डिरेक्टरी होती. 'मेकडेव्ह' नावाची स्क्रिप्ट चालवून शक्य तेवढ्या सगळ्या डिव्हाइसच्या फाइली आधीच करून ठेवायच्या. मशीनला एकच डिस्क, पण /डेव्हमध्ये नोंदी शेकड्यांनी. कोणती खरी आणि कोणती नुसती पाटी, ते बघून कळायचं नाही. यूएसबी आल्यावर तर ही पद्धत अपुरीच पडली, कारण डिव्हाइस कधीही येणार, कधीही जाणार.

यावर रिचर्ड गूच यांनी 'डेव्हएफएस' आणलं. २००१ साली आलेल्या २.४ कर्नलमध्ये ते होतं. कल्पना सरळ होती. डिव्हाइसची खबर सगळ्यात आधी कर्नलला लागते, तेव्हा /डेव्हमधली नोंदही त्यानेच करावी. जे आहे तेच दिसेल, जे नाही ते दिसणार नाही.

मग विरोध कशाला? मुख्य आक्षेप नावांवर होता. कोणत्या डिव्हाइसला काय म्हणायचं हे कर्नलने ठरवावं का? युनिक्सची जुनी शिकवण अशी की कर्नलने सोय पुरवावी, धोरण वापरणाऱ्याने ठरवावं. शिवाय कोडमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की गोंधळ उडण्याच्या चुका होत्या, त्या लवकर सुटेनात.

२००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' मांडलं. यात कर्नल फक्त वर्दी देतो की अमुक डिव्हाइस आलं. त्याची कुंडली, म्हणजे मॉडेल, सीरियल नंबर वगैरे, 'सिसएफएस'मध्ये वाचायला मिळते. ती वाचून, नियमांच्या फाइली बघून नाव देण्याचं काम एक साधा प्रोग्रॅम करतो. त्यामुळे डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, तिच्या यूयूआयडीवरून एक कायमची लिंक तयार होते. २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकण्यात आलं.

पण यात एक मेख राहिली. यूडेव्ह हा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत /डेव्ह रिकामी! आणि सगळ्यात पहिल्या 'इनिट' प्रोसेसलाही कन्सोल लागतोच. म्हणून २००९ साली २.६.३२ कर्नलमध्ये 'डेव्हटीएमपीएफएस' आलं. आता पुन्हा कर्नलच प्राथमिक नोंदी करतो. 'अहो, हे तर डेव्हएफएसच मागच्या दाराने आलं,' अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच चूक नव्हती. फरक एवढाच, पण महत्त्वाचा : कर्नल फक्त साधं, ठरलेलं नाव देतो. परवानग्या, लिंका आणि बाकीचं धोरण यूडेव्हच्याच हातात राहतं.

दुसरा वाद : रूटच्या आधीचं रूट

हे वाचून आम्ही शहाणे झालो आणि कर्नलच्या ओळीत 'एसडीए२' ऐवजी यूयूआयडी लिहिला. जुनी डिस्क पुन्हा जोडली. पुन्हा पॅनिक!

कारण असं : यूयूआयडी फाइल सिस्टीमच्या आत लिहिलेला असतो. तो वाचून डिस्क ओळखण्याचं काम कर्नल करत नाही, बाहेरचे प्रोग्रॅम करतात. आणि ते प्रोग्रॅम कुठे? त्याच डिस्कवर, जी अजून सापडायची आहे. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

यावरचा उपाय म्हणजे 'इनिटरॅमएफएस'. गरजेपुरते प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर असलेलं एक छोटं गाठोडं बूटलोडर कर्नलसोबतच मेमरीत ठेवतो. कर्नल ते तिथेच सोडतो आणि त्यातला 'इनिट' चालवतो. तो डिस्क ओळखतो, खरं रूट माउंट करतो आणि त्याच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. आम्ही कर्नल कंपाइल केला, पण हे गाठोडंच बांधलं नव्हतं. ते बांधल्यावर दोन्ही डिस्क सुखाने नांदू लागल्या.

तिसरा वाद : /यूएसआर वेगळं का?

/बिन आणि /यूएसआर/बिन अशा दोन जागा का, हा प्रश्न लॅबमध्ये प्रत्येकाला पडतो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ वर डिस्क फार लहान होत्या. यूएसआर म्हणजे यूजर. तिथे वापरणाऱ्यांच्या डिरेक्टरी असत. पहिल्या डिस्कवर जागा संपल्यावर सिस्टीमचे प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर सांडले. मग नियम आला : दुसरी डिस्क माउंट करायला जे लागेल, ते पहिलीवरच हवं. नाहीतर 'माउंट' हीच कमांड आणायला माउंट करावं लागायचं!

पुढे डिस्क मोठ्या झाल्या, तरी वाटणी राहिली. यूडेव्हने ती अडचणीत आणली. त्याचे काही नियम /यूएसआरमधले प्रोग्रॅम आणि डेटा वापरत. /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असेल आणि अजून माउंट झालं नसेल, तर ते नियम गुपचूप फसत. एका बाजूचं म्हणणं, सरळ एकत्र करा, नाहीतर इनिटरॅमएफएसमधूनच /यूएसआर माउंट करा. दुसरी बाजू म्हणाली, वर्षानुवर्षं चाललेली माझी व्यवस्था तुमच्या सोयीसाठी मी का मोडू? यूडेव्ह २०१२ मध्ये सिस्टमडीच्या कोडमध्ये सामील झाल्यावर वाद आणखी तापला. त्याच वर्षी जेंटूच्या काही मंडळींनी 'यूडेव्ह'ची वेगळी शाखा काढली, तिचं नाव 'ईयूडेव्ह'.

फेडोरा १७ ने २०१२ मध्येच /बिनला /यूएसआर/बिनची लिंक करून टाकलं. डेबियनने हळूहळू जात २०२३ च्या आवृत्ती १२ पासून तेच सक्तीचं केलं. जुन्या रूटचं काम, म्हणजे कमीत कमी सामानात मशीन उभं करणं, आता इनिटरॅमएफएस करतं.

मग विरोधक हरले का? माझ्या मते नाही. राउटरसारख्या छोट्या यंत्रात डिव्हाइस ठरलेली असतात. तिथे इनिटरॅमएफएसशिवाय, बिझीबॉक्सच्या 'एमडेव्ह'वर काम छान भागतं. आमचं हार्डवेअर बदललं नसतं, तर 'एसडीए२' सुद्धा जन्मभर चाललं असतं. प्रश्न कोण बरोबर हा नाहीच. तुमच्या मशीनमध्ये काय बदलणार आहे आणि काय नाही, हे तुम्ही आधी ठरवलंय का, हा आहे.

तेव्हा आज लॅबमध्ये बसाल तेव्हा '/डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी'ची यादी काढून बघा. '/बिन' लिंक आहे की खरी डिरेक्टरी तेही बघा. आणि हो, बॅकअप सबमिशनच्या आदल्या रात्री घेऊ नका!