पाटीवरची कलमे आणि मुलीची फी

प्रश्न : मुलीला बी.एस्सी.ला घालायचे आहे. कॉलेजच्या पाटीवर ‘यूजीसी मान्यता २ (एफ), १२ (बी)’ लिहिलंय, तरी फी एवढी कशी?
– एक पालक, धुळे

उत्तर : पाटीवर भुलू नका. ही कलमे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातली. २ (एफ) म्हणजे कॉलेज आयोगाच्या यादीत आहे. १२ (बी) म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र आहे. पात्र असणे वेगळे, पैसा हाती पडणे वेगळे. प्राध्यापकांची पात्रता आयोग ठरवतो, पण अनुदानित कॉलेजातला त्यांचा पगार राज्य सरकार देते. खान्देशात तो व्यवहार जळगावच्या विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत चालतो. संलग्नता आणि परीक्षा १९९० साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाकडे, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे.

खरी मेख तुकडीत आहे. एकाच इमारतीत बी.एस्सी.चे जुने विषय अनुदानित आणि संगणकशास्त्रासारखा नंतर आलेला विषय विनाअनुदानित असू शकतो. तिथला पगार फीमधून निघतो. म्हणून माहितीपत्रकात विषयापुढे काय छापलंय ते बघा, आणि पैसे भरण्याआधी ऑफिसात तुकडी कोणती ते लेखी विचारा. मुलगी राखीव प्रवर्गातली असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये रांग असते.