चेन वाजते म्हणून बदलू नकोस

भाचेबुवा, काल सकाळी तुझी जुनी ट्रॅव्हलर इंदुरात कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ उभी होती, तेव्हाच मी तिथल्या समाधीच्या छत्रीच्या पायरीवरून ऐकली. सुरू केल्याबरोबर पुढून खडखड, दोन मिनिटांनी गप्प. तुझ्या पोरसवदा मिस्तरीने लगेच निकाल दिला, 'भिया, चेन बज रही है, बदल डालो.' पोरगा हुशार आहे, पण कानाने टायमिंग चेन बदलत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीच्या टेन्शनरमधलं तेल उतरतं, सकाळी ते चढेपर्यंत नवी चेनही वाजते. उलट पार झिजलेली चेन कधीकधी हूं की चूं करत नाही.

तुझं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं. ओएम ६१६, साधारण २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं. जर्मनीत ते १९७३ साली २४० डी मोटारीत आलं. पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, ते ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. आपल्या शेजारच्या पीथमपुरात ट्रॅव्हलर बनते, म्हणून इंदूरच्या जुन्या मिस्तऱ्यांचे हात या इंजिनावर बसलेले. यात पट्टा नाही, दुहेरी रांगेची चेन आहे, आणि ती एकटीच कॅमही फिरवते अन् डिझेल पंपही. चेन लांबली की वॉल्वही उशिरा उघडतात आणि डिझेलही उशिरा पडतं. गाडी चढावर दम टाकते, थंडीत सुरू व्हायला रडते, धूर मारते. पण हीच रड हीटर प्लग गेल्यावर किंवा टॅपेट बिघडल्यावरही असते. म्हणून आधी ते तपास. शंभरातलं काम आधी, हजारातलं नंतर.

'चेन लांबली' म्हणतात खरं, पण लोखंड काही ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश केसभर झिजते, आणि सगळ्या कड्यांची ती झीज बेरजेला येते. डिझेलची काजळी तेलात उतरते आणि पिनांना पॉलिश पेपरसारखी घासते. माझ्या गॅरेजात अडीच लाख किलोमीटरची चेन ठणठणीत पाहिली, आणि लाखाच्या आतली रद्दी झालेलीही पाहिली. फरक एवढाच, एकाचा मालक तेल वेळेवर बदलायचा आणि दुसऱ्याचा नुसतं वरून ओतायचा. मीटरवरचा आकडा मी तरी विचारत नाही.

मोजायचं कसं, ते नीट ऐक. टॅपेट कव्हर उघड. क्रँकच्या बोल्टला २७ चा पाना लावून इंजिन हाताने फिरव, चालतं त्याच दिशेने. कॅमची खूण तिच्या टॉवरवरच्या खुणेसमोर आली की थांब आणि खाली पुलीवरचे अंश वाच. खूण पुढे निघून गेली तर मागे फिरवू नकोस, ढील उलट्या बाजूला येते आणि आकडा खोटा पडतो. पुन्हा दोन फेरे घालून ये. डोळ्याने दोन-तीन अंशांची चूक होतेच, म्हणून एकदा नाही, तीनदा वाच. पाच अंशांच्या आत असेल तर कव्हर लाव आणि पोहे खायला जा. दहाच्या वर असेल तर बदल. मधला आकडा आला तर मी तेलाचा हिशोब विचारतो आणि गाडी कुठे चालते ते विचारतो. गावात फिरणारी गाडी वर्षभर थांबू शकते. भेरूघाट उतरणाऱ्या गाडीला मी ती मुभा देत नाही. एकदम अठरा-वीस अंश दिसले तर ती झीज नाही, चेनने दात सोडलाय. ती गाडी स्टार्टर न मारता तिथेच उभी कर.

घाटाचं मी उगीच बोलत नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणत मी स्वतःची ट्रॅक्स महेश्वरला नेली होती. घाटातच चेन तुटली, वॉल्व पिस्टनवर आपटले, आणि चेनचे वाचवलेले पैसे हेडपासून पिस्टनपर्यंत अनेक पटींनी गेले. मामीने तो हिशोब अजून विसरलेला नाही.

बदलताना सगळं इंजिन उघडू नको. हीटर प्लग काढ, म्हणजे दाब सुटेल. चिंध्या कोंबून मगच कडी घास, भुसा आत पडता कामा नये. नवी चेन जुनीच्या टोकाला जोड, एकाने क्रँक हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने दोन्ही टोकं ताणून धरायची. इथे घाई केली की चेन खाली निसटते आणि मग खरंच सगळं उघडावं लागतं. शेवटची कडी रिव्हेटची, क्लिपवर माझा विश्वास नाही. टेन्शनर आणि गाईडही नवेच टाक. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील तर नव्या चेनचा उपयोग नाही. आणि पंपाचं टायमिंग पुन्हा लाव, पुष्कळ जण इथेच विसरतात.

ऑफसेट चावी टाकून कॅम पुढे ओढणारे मिस्तरी भेटतील. त्याने कॅमचा आकडा जुळतो, चेन तशीच झिजकी राहते. गाडी विकायची असेल तर ते करतात. तुला चालवायची आहे.

रविवारी सकाळी ये, इंजिन थंड असताना. डोळ्यापेक्षा नेमकं मोजायला डायल गेज माझ्याकडे आहे, २७ चा पाना तुझा आण.