विवाहातील संमती आणि एका वर्षाची मुदत

लग्न जमवताना आपल्याकडे मुलीला विचारले जाते, परंतु कसे विचारले जाते हे आपण सर्व जाणतोच. पाहुणे चहा-पोहे घेऊन गेले की मामा विचारतो, "काय, पसंत आहे ना?" आणि मुलीने मान खाली घातली की तीच संमती धरली जाते. पुढे संसार सुखाचा झाला तर प्रश्नच येत नाही. परंतु ज्या माहितीवर विसंबून ती मान हलली, ती माहितीच खोटी निघाली तर काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने विचार करणार आहोत. आम्ही वकील नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तरीही हा विषय का घेतला ते ओघाने पुढे येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा?" असे विद्यार्थी हटकून विचारतात. १९५५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्येच तो बौद्ध, जैन व शीख यांना लागू असल्याचे म्हटले आहे. नाव खटकते हे खरे. पण डॉ. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून ज्या हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली, जे रखडले हे सप्टेंबर १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते, त्याच बिलाचे भाग पुढे चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. त्यांतला हा पहिला. तेव्हा तो परका समजून बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. लग्न मोडणे म्हणजे घटस्फोट, एवढेच आपल्या वस्त्यांतून माहीत असते. कायद्यात मात्र वाटा निराळ्या आहेत. पहिली बायको हयात असून तिच्याशी फारकत झालेली नसताना दुसरे लग्न केले, तर ते दुसरे लग्न कलम ११ नुसार मुळातच शून्य असते. ते तसे जाहीर करून घेण्याला मुदत नाही. घटस्फोटाची कारणे कलम १३ मध्ये आहेत आणि परस्पर संमतीचा घटस्फोट कलम १३-ब मध्ये. या दोहोंच्या मधे कलम १२ आहे, ज्याची आपल्याकडे फारशी कुणाला खबरच नसते. त्यात असे विवाह येतात जे रद्द करून मागेपर्यंत कायदेशीर असतात, पण फसलेल्या पक्षाने अर्ज केल्यास न्यायालय ते रद्दबातल ठरवू शकते. जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न येणे, लग्नाच्या वेळी संमती देण्याइतके मानसिक स्वास्थ्य नसणे, वधूला लग्नाआधीच दुसऱ्यापासून दिवस गेलेले असणे आणि जबरदस्तीने किंवा फसवणुकीने मिळवलेली संमती, ही ती कारणे होत.

यातील फसवणुकीच्या कारणाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पूर्वी 'फसवणूक' हा शब्द फार अरुंद अर्थाने घेतला जाई. वधूचा अपस्माराचा आजार लपवून लग्न लावल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७१ साली, आजार न सांगणे ही या कलमातली फसवणूक नव्हे, असा निर्णय दिला. १९७६ च्या दुरुस्तीने कलमात जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या बाबीबाबतची फसवणूक असे स्पष्ट शब्द आले आणि दार रुंद झाले. तरी लग्नात सांगितलेली प्रत्येक बढाई काही महत्त्वाची बाब ठरत नाही. पगार हजार-दोन हजारांनी फुगवून सांगणे वेगळे आणि आधीचे लग्न लपवणे वेगळे. कुठली बाब अशी की जी कळली असती तर मुलीने नकारच दिला असता, हे न्यायालय प्रकरण पाहून ठरवते.

आता हा लेख लिहिण्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका मुलीचे लग्न नात्यातल्या मध्यस्थाने जमवले. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. परिचयपत्रात मुलगा 'अविवाहित' म्हणून लिहिलेला. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कपाट आवरताना तिच्या हाती कोर्टात पोटगी भरल्याची पावती लागली. मुलाचे आधी एक लग्न होऊन घटस्फोट झाला होता आणि एक मूलही होते. मुलगी माहेरी आली. रविवारच्या वंदनेनंतर विहारात ज्येष्ठ मंडळी बसली. त्यात आम्हीही होतो, आणि बँकेतला माणूस म्हणून आमच्या शब्दाला जरा जास्तच वजन होते. आम्ही सांगितले, "लग्नाला वर्ष झाल्याशिवाय कोर्ट अर्जच घेत नाही. तोवर नांदून बघ. मागचे मागे पडते." सिगालोवाद सुत्ताचाही दाखला दिला. त्यात पतीची पाच आणि पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत. आम्ही त्या दिवशी पत्नीची तेवढी सांगितली.

ती परत गेली. चार महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा आम्हीच समजूत काढून पाठवली. लग्नाला सोळा महिने झाल्यावर मात्र ती ट्रंक घेऊनच आली. मग तिच्या वडिलांबरोबर आम्ही जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात गेलो. तेथील वकीलबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पावती सापडली त्याच महिन्यात का आला नाहीत?"

आमची चूक इथे होती. कायद्यात 'एक वर्ष' दोन ठिकाणी आहे आणि दोन्हींचा अर्थ नेमका उलटा आहे. कलम १४ म्हणते की लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हे वर्ष थांबायचे. कलम १२ मधील फसवणुकीच्या अर्जाला असे थांबावे लागत नाही. उलट फसवणूक उघडकीस आल्यापासून, किंवा जबरदस्तीचा जोर संपल्यापासून, एका वर्षाच्या आत तो केलाच पाहिजे. हे वर्ष निसटून जाणारे. आम्ही पहिल्याचा नियम दुसऱ्याला लावला. शिवाय आणखी एक अट आहे: फसवणूक कळल्यानंतर अर्जदार पूर्ण संमतीने जोडीदाराबरोबर पती-पत्नी म्हणून राहिला असेल तर अर्ज टिकत नाही. म्हणजे आम्ही तिला दोनदा परत पाठवले तेव्हा तिची बाजू आम्हीच आमच्या हाताने लंगडी केली. ती मनाविरुद्ध राहिली असे म्हणता आले असते, पण मुदतच उलटून गेल्यावर त्या म्हणण्याचा उपयोग काय!

शेवटी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. त्यासाठी अर्जापूर्वी किमान वर्षभर वेगळे राहावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. (हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे.) तिची उमेदीची वर्षे अशी गेली. निकालानंतर ती पासबुकावरचे नाव बदलायला आमच्याच काउंटरवर आली. हुकूमनाम्याची प्रत आमच्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, यात मला फसवलं असं कुठंच लिहिलेलं नाही." खरेच नव्हते. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यात कुणाचा दोष ठरवला जात नाही. आम्ही शिक्का मारला आणि पुढचे टोकन पुकारले.

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवत गेलो. पालकांना वाटणाऱ्या भीतींपैकी पहिली अब्रूची. कलम २२ नुसार ही सुनावणी बंद दालनात होते आणि न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती छापता येत नाही. दुसरी भीती पोटगीची: विवाह रद्द झाला तर काहीच मिळणार नाही असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. कलम २५ खाली अशा हुकूमनाम्यानंतरही कायम पोटगी मागता येते. मूळचा शून्य विवाह असला तरी ती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. अशा विवाहातून झालेले मूल कलम १६ प्रमाणे औरसच मानले जाते. मुलीचे लग्न १८ वर्षांच्या आत लावले असेल तर फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने ती वयाची २० वर्षे पूर्ण होईपर्यंत विवाह रद्द करून मागू शकते.

पुराव्याबाबत एक-दोन गोष्टी. लग्न जमले की परिचयपत्र फाडून टाकण्याची आपली सवय वाईट आहे; ते, पत्रिका, मोबाइलवरचे संदेश आणि विवाह नोंदणीचा दाखला एकत्र ठेवावा. खोटी बाब ज्या दिवशी कळली तो दिनांक लिहून ठेवावा, कारण मुदत तिथून मोजतात. अर्ज पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयातही करता येतो. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने झाली. पुण्या-मुंबईला १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात जावे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते आणि साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज तिथे चालतो.