स्पॅनिश शिकताना सुरुवात आकड्यांपासून

वय वाढले म्हणजे परकी भाषा येत नाही, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना धरून सुमारे २० देशांत चालणारी स्पॅनिश मराठी जिभेला जड नाही. स्वर पाचच, 'त' आणि 'द' आपल्यासारखेच. उर्दू जाणणाऱ्यांना तिच्यातला 'ख़बर'च्या 'ख़'सारखा उच्चारही सहज जमतो. स्पेनमधील मुस्लिम राजवटीमुळे (७११ ते १४९२) बाजारातील कित्येक शब्द अरबीतून आले आहेत. 'आल्गोदोन' म्हणजे कापूस, मूळ 'अल्-कुत्न'; 'आदुआना' म्हणजे कस्टम, मूळ 'दीवान'.

आमचा सल्ला असा की, व्याकरणाआधी आकडे मोठ्याने म्हणावेत. 'सेसेन्ता' म्हणजे ६०, 'सेतेन्ता' म्हणजे ७०. एका अक्षराची चूक झाली, तर नगामागे दहाचा फटका! स्पेनमध्ये १.५०० लिहिले, तर ते दीड नव्हे, दीड हजार. नंतर आपला माल, मापे, रंग यांची नावे घ्यावीत. रोज अर्धा तास आपलेच बिल स्पॅनिशमध्ये वाचावे. 'तू'चा अर्थ तिथेही तूच. म्हणून ग्राहकाला 'उस्तेद' म्हणजे 'आपण' म्हणावे. आणि भाषा कितीही आली, तरी भाव कागदावर लिहूनच पक्का करावा.