इंजिन बांधण्यापूर्वी ब्लॉकची ओळख करून घ्या



आम्ही शुक्रवार पेठेतील कापडवाले. चादरी-टॉवेलच्या गाठी वेळेवर पोहोचवायच्या तर गाडी धड हवी. आमच्या जुन्या बोलेरोचा ब्लॉक तापून तडकला व तेलात पाणी उतरले. नवा ब्लॉक महाग, म्हणून नंतरच्या मॉडेलचा जुना ब्लॉक ठरवला. 'दोन्ही अडीच लिटरचेच' एवढ्या बोलण्यावर आम्ही बयाणा दिला. मिस्त्रींनी आमचा पिस्टन त्यात धरून पाहिला, तर तो आत उतरेना! बयाणा गेला. चूक आमचीच, आम्ही विचारलेच नाही.

कारण असे. २००० साली आलेल्या बोलेरोत प्यूजो बनावटीचे २४९८ सी.सी.चे इंजिन होते. त्याचा बोअर ९४ मि.मी. व स्ट्रोक ९० मि.मी. नंतरच्या डी.आय. मॉडेलचे इंजिन २५२३ सी.सी.चे, त्याचा बोअर ८८.९ व स्ट्रोक १०१.६ मि.मी. बोलण्यात दोन्ही 'अडीच लिटर', पण घडण निराळी. दोन चादरींची लांबी-रुंदी एक असली तरी सूत व वीण वेगळी असते, तसेच हे.

एकाच इंजिनाच्या पुढील मॉडेलातही ब्लॉक बदलतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज ४ देशभर २०१७ साली आणि भारत स्टेज ६ २०२० साली लागू झाले. कॉमन रेल इंजिनाला क्रँकची फिरत सांगणारा सेन्सर लागतो. जुन्या पंपाच्या इंजिनाला तो लागत नसे. म्हणून ब्लॉक घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

१) ब्लॉकवरील ओतीव नंबर व इंजिन नंबर दोन्ही लिहून घ्या. ओतीव नंबर एक असला तरी पुढचे मशीनकाम वेगळे असू शकते, म्हणून माप घ्याच.

२) लायनर पाण्याला लागणारा आहे की कोरडा, ते विचारा. पाण्याला लागणाऱ्या लायनरची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागावर किंचित वर राहावी लागते. ती कमी पडली तर गॅसकेट जळते.

३) नवे गॅसकेट ब्लॉकवर व हेडवर ठेवून तेल-पाण्याची सर्व भोके जुळतात का, ते पाहा.

४) मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात. दुसऱ्या ब्लॉकच्या कॅप लावू नका.

५) मागचे ऑइल सील व सेन्सरची जागा जुन्याशी ताडून पाहा.

ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.कडे त्याची नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून पक्की पावती घ्या, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडेल.

शेवटी मिस्त्री बंधूंना एक अर्ज. ग्राहकाला मापातले कळत नाही. त्याची गाडी आपल्या हाती अमानत असते. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप कमी देणाऱ्यांना ताकीद आहे. ती आमच्या गजाला आहे, तशी तुमच्या मायक्रोमीटरलाही आहे. आधी माप, मग बोली, मग बयाणा.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.