उन्हाळ्यांतील अंगण

वैशाखांत दिवस मावळल्यावर माणसें घराबाहेर कां बसत, हें प्रथम घराच्या भिंतींसच विचारावें. सोलापूर व मराठवाडा ह्या बाजूच्या माळवदाच्या घरांच्या भिंती मोठ्या जाड. दुपारीं त्या आंत गारवा राखितात. परंतु दिवसभर प्यालेलें ऊन रात्रीं हळूहळू आंत सोडितात. उलट, उघडें अंगण कोरड्या, निरभ्र आकाशाखालीं लवकर निवतें. म्हणून सडा घालून बाज बाहेर टाकावी, अथवा माळवदावर अंथरूण पसरावें, असा क्रम पडला. उन्हाळ्यांतील शेजार ही पुष्कळ अंशीं उकाड्याची देणगी होय.

कोणी म्हणेल कीं, हल्लीं घरें थंड झालीं म्हणून लोक आंत बसतात. तसें मुळींच नव्हे. पत्र्याचें किंवा सिमेंटच्या स्लॅबचें घर सायंकाळीं चांगलेंच तापलेलें असतें. पंख्यानें आंत बसणें शक्य केलें, आणि दूरचित्रवाणीनें बसावयास कारण दिलें. तरी सर्व दोष यंत्रावर घालूं नये. १९७५-७६ सालीं सरकारनें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस उपग्रहाद्वारें कार्यक्रम दाखविले (त्यांत महाराष्ट्र नव्हता). तेव्हां संच गांवाचा मिळून असे, आणि सायंकाळीं लोक त्यापुढें एकत्र जमत. घरोघर निराळा संच आला तेव्हां माणसें पांगलीं. आतां तर प्रत्येकाच्या मुठींत निराळा पडदा आहे.

जुन्या बैठकींचीं स्तोत्रें आम्ही गात नाहीं. तेथें चहाड्याही पुष्कळ चालत. शिवाय गांवच्या पारावर आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस बसूं देत नसत. त्यांचें अंगण गांवकुसाबाहेर होतें. तरी त्याही अंगणांत एक मोठा गुण होता. ज्याची बाज रिकामी दिसे, त्याची विचारपूस त्याच रात्रीं होई. कोणास ताप आला, सावकाराचा माणूस कोणाकडे येऊन गेला, कोणाची सून दोन दिवस जेवली नाहीं, हें मुद्दाम कोणी न सांगतां कळे. आज कर्जानें गांजलेला शेतकरी जीव देतो, आणि भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यास त्याच्या मनांतील घोर आधीं ठाऊक नसतो, असें आमच्या कानीं येतें.

ह्याकरितां उपदेशक बंधूंनीं सायंकाळीं भेटीस गेल्यावर आंतल्या खुर्चीवर न बसतां अंगणांत बाज मागून घ्यावी. प्रथम शेजारचीं पोरें येतील. मग पोरांना हांका मारीत त्यांच्या आज्या.